झारीचा मान

निम्म्या गावाची पोटं बिघडली, आणि राजेसाहेब चिडले ते गेनू दवंडीवाल्यावर!

"वैद्यबुवा सांगून थकले, हात न धुता जेवता म्हणून दुखणी येतात. तू महिनाभर दवंडी पिटतोयस. धुतो का कुणी हात?"

"नाही, सरकार. चौकातले रांजण भरलेले तसेच आहेत. लोक ऐकतात, हसतात आणि जातात."

"म्हणजे तुझ्या ओरडण्यातच दम नाही! उद्यापासून देवीच्या उत्सवाच्या आठ पंगती. शेवटच्या पंगतीला एकूणएक माणूस हात धुऊन बसला पाहिजे. चाबूक नाही, दंड नाही. जमलं नाही तर डफ ठेव आणि गाव सोड!"

गेनू घरी येऊन मटकन बसला. त्याची लेक साळू भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं तिनं, आणि म्हणाली, "आबा, हात धुवा म्हणून सांगायचंच कशाला? उद्या मी सांगते ती दवंडी पिटा."

सकाळी डफ वाजला. "ऐका हो ऐका! पंगतीच्या दाराशी देवळातली झारी आणली आहे. तिचं पाणी फक्त मानकऱ्यांच्या हातावर पडेल! बाकीच्यांनी मागू नये हो!"

आता आपली माणसं कशी, ते तुम्हाला ठाऊकच आहे. साळूनं थोरल्या आळीच्या सुभानरावांच्या हातावर धार धरली मात्र, धाकट्या आळीचे हैबतराव भरल्या पानावरून उठून आले.

"का गं पोरी, आमच्या आळीला मान नाही?"

"आहे की, मामा. पण तुम्ही तर जेवायला बसलात."

"मग उठलो ना! ओत!"

तिसऱ्या दिवशी सुतार भांडले, चौथ्या दिवशी माळी रुसले. बायकांनी तर वेगळी झारीच मागितली. "पुरुषांनाच काय हात आहेत?" एक म्हातारबुवा रांगेत दोनदा सापडले! आणि वैद्यबुवांचा काढा उरायला लागला.

आठव्या दिवशी राजेसाहेब आले. घोड्यावरून उतरले, त्याची मान थोपटली आणि तडक पाटाकडे निघाले. बघतात तो पाटावर कुणीच नाही! सगळं गाव ओल्या हातांनी दाराशी रांगेत.

"हे काय चाललंय?"

"मान चाललाय, सरकार," साळू म्हणाली. "हे गुरवकाका शेवटचे, तेही झाले. संपलं."

"संपलं? आणि आम्ही? पहिला मान राजाचा!"

राजेसाहेबांनी बाह्या सारून हात पुढे केले. साळूनं धार धरली. खाली पडलं ते पाणी काळंकुट्ट! रांगेत कुणीतरी उगाच खोकलं.

राजेसाहेब त्या पाण्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरी, झालं का सगळं गाव?"

"एकच माणूस राहिला होता, सरकार. आत्ता तोही झाला!"

गेनूनं डोळे गच्च मिटून घेतले. पण राजेसाहेब असे खदखदून हसले, की बाहेर घोडा बिथरला.

"गेनू, डफ तुझाच, वर हा आमचा शेला घे. आणि पोरी, आजपासून पंगतीचा पहिला मान तुझा!"

"खरंच, सरकार?"

"राजाचा शब्द!"

साळूनं झारी राजेसाहेबांच्या हातात दिली आणि आपले हात पुढे केले.

"मग ओता!"