ठकू मापाडणीचा लाभ

घाटाला गाडीरस्ता नव्हता, कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर वर यायचं, त्या काळातली, फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. घाट चढून आलं की पहिलं गाव सावरबारी. तिथला दगडी चौक आजही तसाच उभा आहे. एका अंगाला जकातीची कमानदार चौकी, समोर वाटसरूंची धर्मशाळा, उगवतीला देवीचं देऊळ आणि मधोमध मापाचा ओटा. दर मंगळवारी या चौकात बाजार भरायचा.

त्या ओट्यावर ठकू नावाची बाई धान्य मापायची. तिचा नवरा गावचा मापाडी होता, तो तरणाताठा गेला. मूलबाळ नव्हतं, भाऊबंद नव्हते, म्हणून गावानं त्याची पायली तिच्या हाती दिली. पण एक गोष्ट दिली नाही. धान्य मापताना पहिल्या पायलीला कुणी ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतात, आणि मग दोन, तीन असं पुढं जातात.

रायाजी पाटील तिला म्हणाले, "माप तू घाल ठकू, पण लाभ मी म्हणेन. बाजाराचा पहिला शब्द विधवेच्या तोंडून नको."

ठकूनं मान डोलावली. तेव्हापासून पहिली पायली ती मुकाट्यानं भरायची, पाटील लाभ म्हणायचे, आणि दोनपासून तिचा आवाज लागायचा. असा आवाज पुन्हा झाला नाही, असं म्हणतात. निम्म्या घाटात असलेल्या बैलवाल्याला तो ऐकू यायचा, आणि बाजार अजून उठलेला नाही हे त्याला समजायचं.

एका वर्षी गाठीचा ताप आला. आधी उंदीर पडायला लागले, मग माणसं. गावानं ठरवलं, घरं सोडायची आणि वरच्या माळावर झोपड्या घालून राहायचं. ठकूनंही बोचकं बांधलं आणि सगळ्यांच्या मागून ती माळ चढू लागली. अर्ध्या वाटेत पाटलांनी तिला अडवलं.

"पहिला उंदीर तुझ्या परसात पडला, ठकू. लोक भितात."

"मग मी जाऊ कुठं, पाटील?"

पाटलांनी तिच्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "थोडे दिवस खालीच राहा. आम्ही बोलावू तुला."

ठकू परत फिरली. चौकात आली तर एवढ्या मोठ्या चौकात तिच्या पायांचाच काय तो आवाज. ती रोज देवळात दिवा लावायची, धर्मशाळा झाडायची, कुणाच्या अंगणातली तुळस सुकायला लागली तर पाणी घालायची. कधी एखाद्या दारापुढं उभी राहून उगाच विचारायची, "आहे का कुणी घरात?" आत कुणी नाही हे तिलाच पक्कं ठाऊक. तरी ती थोडा वेळ थांबायची, मग पुढच्या दाराशी जायची. माळावरून बोलावणं आलं नाही.

मंगळवार उजाडला. ठकू सवयीनं ओट्यावर जाऊन बसली. घरातली चार मुठी ज्वारी तिनं पदरात आणली होती, तीच पायलीत ओतली. पायलीचा तळसुद्धा नीट झाकला नाही. आता लाभ म्हणायला पाटील नव्हते, आणि म्हणू नकोस असं सांगणारंही कुणी नव्हतं. तिनं चारी बाजूंना बघितलं. मग ती म्हणाली, "लाभ."

म्हणतात, तो शब्द वाऱ्यानं उचलला आणि माळावर नेला. झोपड्यांतली माणसं हातातलं काम सोडून उभी राहिली. पाटील खाली मान घालून बसले. त्यानंतर दर मंगळवारी तो आवाज माळावर येत राहिला.

खाली घाटातही एकानं तो ऐकला. लखमा नाईक नावाचा वंजारी तांदूळ आणि मीठ घेऊन चढत होता. वर ताप आहे हे ऐकून बाकीचे तांडे दुसऱ्या वाटेनं गेले होते, आणि लखमाही बैल वळवायच्या बेतात होता. आवाज आला तसा तो वर आला, आणि बघतो तर रिकाम्या चौकात एकटी बाई.

"बाई, बाजार कुठाय?"

"हाच की. बसा."

"आणि माणसं?"

"माळावर गेलीत. त्यांचं धान्य संपत आलं असेल."

"तुला एकटीला टाकून गेली?"

ठकू त्याला म्हणाली, "गोणी इथं सोडा, नाईक. सावलीत."

लखमानं चौकात तांदळाची रास घातली. ठकूनं घराघराचा वाटा मापला, डोक्यावर वाहून अर्ध्या वाटेवरच्या खडकावर नेऊन ठेवला, आणि लांबून हाक देऊन ती परत फिरली. ती दिसेनाशी झाल्यावर लोक यायचे आणि वाटा न्यायचे. ताप सरेपर्यंत ती मापत राहिली आणि रास काही उतरली नाही, असं म्हणतात. तिच्याशी बोलायला मात्र कुणी थांबलं नाही.

ताप गेला. सावरीला फुलं आली तेव्हा गाव खाली उतरलं. अंगणं झाडलेली, देवळात दिवा तेवत होता. मंगळवारी चौक पुन्हा माणसांनी भरला. रायाजी पाटील ओट्यापुढं आले आणि त्यांनी हात जोडले.

"ठकूबाई, आजचा लाभ तुम्ही म्हणा."

ठकूनं पायली भरली. तोंड उघडलं, पण शब्द येईना. इतके दिवस तिनं तो कुणी नसताना म्हटला होता. आता सगळे डोळे तिच्यावर लागलेले. सगळा बाजार गप्प उभा राहिला. पाटलांनीही तिच्याऐवजी लाभ म्हटलं नाही.

तेवढ्यात घाटापलीकडच्या कड्यावरून आवाज आला, "लाभ." आवाज ठकूचाच होता. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी ऐकला, कडेवरच्या पोरांनी ऐकला. ठकूनं पदर डोळ्यांना लावला, मग पायली ओतली आणि म्हणाली, "दोन."

त्यानंतर ती पुष्कळ वर्षं जगली. पण आपल्या घरात तिला झोप लागेना. ती धर्मशाळेत वाटसरूंमध्ये निजायची. शेजारी कुणी श्वास घेतंय एवढं ऐकू आलं की तिला पुरायचं. तिथंच एका पहाटे ती गेली.

सावरबारीत अजून मंगळवारचा बाजार भरतो. गावात जी बाई एकटी असेल तिला मानानं ओट्यावर बसवतात, आणि त्या दिवशी पाटीलसुद्धा तिला ठकाई म्हणतात. ती पहिली पायली भरते आणि घाटापलीकडच्या कड्याकडे कान लावून गप्प राहते. टेम्पोवाले इंजिन बंद करतात. परगावचा एखादा व्यापारी घाई करायला लागला, तर शेजारची भाजीवाली त्याच्या हातावर हात ठेवते.

"थांबा जरा, दादा. तिला म्हणू द्या."