धामणीवरचा प्रबंध

माळावर प्राण्यांचं विद्यापीठ भरायचं, त्या काळची ही गोष्ट. एका मुंगसाने तिथे प्रबंध लिहिला की, धामण गोठ्यात शिरून गाईचं दूध पिते. प्रबंध मान्य झाला, तर धामणीला माळ सोडावा लागणार होता. ती मागे वेटोळं घालून गुपचूप ऐकत होती.

"पुरावा काय?" परीक्षक घोरपडबाईंनी विचारलं.

"भरपूर आहे, बाई," मुंगूस ऐटीत म्हणालं. "कावळा, साळुंकी, ससा, तिघंही हेच सांगतात."

बाईंनी तिघांना पुढे बोलावलं. "कावळेबुवा, तुम्ही स्वतः पाहिलंत?"

"छे, छे! मला साळुंकी म्हणाली."

साळुंकीला सशाने सांगितलं होतं. ससा कान पाडून पुटपुटला, "मला तर या मुंगसानेच सांगितलं, बाई. गेल्या उन्हाळ्यात, पाणवठ्यावर."

मुंगसाला आठवलं. त्या दिवशी गप्पांच्या भरात त्याने ही गोष्ट अशीच ठोकून दिली होती. मग तीच गोष्ट तिघांच्या तोंडून परत ऐकली, आणि त्यालाही ती खरी वाटू लागली.

"गाईला विचारलंस?" बाईंनी विचारलं.

गाय समोरच्या बांधावर चरत होती. मुंगसाची मान खाली गेली.

धामण हळूच म्हणाली, "तेव्हापासून माझ्या पिल्लांना पाणवठ्यावर कुणी येऊ देत नाही. मला एकदा विचारायचं तरी होतंस."

कुठल्यातरी बिळात तोंड लपवावं, असं मुंगसाला झालं. पण जवळ एकच बीळ होतं, आणि ते धामणीचं होतं.