पुलाखालची उंची

दौलतशेठांनी ट्रकसाठी रस्ता दाखवणारं यंत्र आणलं आणि मोठ्या ऐटीत स्वतःच्या हातानं सुरू करून दिलं. तरीही ड्रायव्हर सर्जेराव कापसाच्या गाठी घेऊन लांबच्या रस्त्यानं गेला नि दोन तास उशिरा पोहोचला.

"यंत्र रेल्वेपुलाखालून जा म्हणत होतं. त्याच्यापेक्षा शहाणा झालास? चावी ठेव आणि घरी बस!" शेठ गरजले.

सर्जेरावानं चावी ठेवली. पण एवढा ठेंगणा पूल यंत्राला चालला कसा, हे कोडं त्याला सुटेना. त्यानं यंत्राची बटणं दाबून पाहिली आणि तो हसला.

"शेठ, यंत्र बरोबरच बोललं. तुम्ही यात ट्रकऐवजी मोटार भरलीय, उंची पाच फूट. उद्यापासून गाठी तुमच्याच मोटारीत घालू का?"

शेठांनी गुपचूप चावी पुढे सरकवली. "बरं, ट्रकची उंची किती रे?"

"गाठींसकट सांगू, की गाठींशिवाय?"