शेकराने दिलेली उंबरं

घाटमाथ्यावर पायवाटाही नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. सुतारपक्षी शेकराला म्हणाला, “दर पौर्णिमेला ओंजळभर उंबरं दे. दात बिघडला तर मी बरा करीन.”

दात धड असताना द्यायचं कशाला, असं शेकराला वाटलं. त्याने म्हाताऱ्या साळिंदरआजीला विचारलं.

“मी नऊ वर्षं दिली,” आजी म्हणाली. “दात एकदाही दुखला नाही.”

“म्हणजे फुकटच गेली.”

“असेल. पण नऊ वर्षं मी बेहड्याची कठीण बी न भिता फोडली.”

दात मोडेल या धास्तीने महिनाभर शेकराने बेहड्याला तोंड लावलं नव्हतं. पौर्णिमेला ते उंबरं घेऊन निघालं आणि परतताना बेहड्यावर चढलं.