सिदूने सावरलेलं गुऱ्हाळ

नदीकाठच्या एका गावात सिदू नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. पंचाईत तीच होती.

त्याच्या चंपाआत्याचं गुऱ्हाळ यंदा पुरात बुडालं. पाणी ओसरल्यावर आत्या म्हणाली, "सिदू, हंगामाला चुलाण पेटलं पाहिजे. नाहीतर मी खाऊ काय?"

"पेटवू की," सिदू म्हणाला.

रस उकळायची मोठी काहील गाळाने भरली होती. आत्याने शिकवलं, "चिखलाचं काही दिसलं की नदीवर न्यायचं, लख्ख होईपर्यंत धुवायचं."

सिदूने काहील आरशासारखी केली. मग त्याला माळ्यावर वाचलेल्या गुळाच्या ढेपा दिसल्या. त्यांवरही चिखल होता. त्या घेऊन तो नदीवर गेला आणि रिकामी पाटी घेऊन परतला.

"ढेपा रे?"

"चिखल गेला, आत्या. मागोमाग ढेपाही गेल्या."

"अरे बाबा, असलं काही कोरड्या फडक्याने पुसून उन्हात ठेवावं."

पाहुण्यांनी मदत म्हणून उसाची रोपं पाठवली. सिदूने एकेक मूळ पुसलं आणि रोपं पत्र्यावर वाळत घातली. संध्याकाळी त्यांचं सरपण झालं होतं.

आत्याने कपाळाला हात लावला. "कोमेजलेलं काही दिसलं तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावं. पाणी शिंपडावं. जीव धरतं."

चुलाण बांधायला सिमेंट आलं. पोती सिदूला मलूल वाटली. सकाळी त्यांचे धोंडे झाले होते. आत्या त्यातल्याच एकावर बसली.

"मोलाच्या वस्तूला पाणी लागू देऊ नये रे. माळ्यावर चढवावी, ताडपत्री घालून आवळून बांधावी."

मग तालुक्याहून साहेब येणार असं कळलं. ते नुकसान लिहून नेणार, मग मदत मिळणार. आत्या चहासाठी दूध आणायला निघाली. "आले तर नीट जप त्यांना. आता सगळं त्यांच्यावर आहे."

साहेब आले. आभाळ भरून आलं होतं.

"पाणी कुठवर चढलं होतं?" साहेबांनी विचारलं.

"वर चला, दाखवतो."

साहेब माळ्यावर चढले. पहिला थेंब पडला आणि सिदूने ताडपत्री ओढली.

आत्या परतली तेव्हा माळ्यावरून आवाज आला, "बाई, पाणी इथवर आलं होतं, पटलं मला. सोडा."

सोडल्यावर बिचाऱ्यांनी सगळं नुकसान लिहिलं आणि कागद खिशात घातला. माळ्यावरच्या गाळाने ते नखशिखांत माखले होते. आत्या हात जोडून म्हणाली, "सिदू, साहेबांना नदीवरच्या नावेपर्यंत पोचव."

सिदू उशिराने आला. ओलाचिंब.

"गेले ना नीट?"

"लख्ख होऊन गेले, आत्या. फार बुचकळावं लागलं. म्हणाले, उद्या पुन्हा येतो, पण तू घरी थांबू नकोस."

"पुन्हा? आणि तो कागद?"

"तो पार मलूल झाला होता. साहेब टाकूनच देत होते, मी मागून घेतला. गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवलाय. सकाळपर्यंत जीव धरेल."