भिंतीकडे तोंड असलेला सिंह

जिल्ह्याची कचेरी नवीकोरी होती, तेव्हाची गोष्ट. तिच्या दालनात पितळेचे चार सिंह पाठीला पाठ लावून बसवले होते. चौथ्याचं तोंड भिंतीकडे. तो सदा कुरकुरे, "मला कुणी बघतच नाही!"

त्याच्या पंजांमध्ये साळुंकीने घरटं बांधलं. पिल्लं निघाली त्याच दिवशी मंत्री येणार म्हणून झाडलोट सुरू झाली.

"सिंहदादा, माझी लेकरं!" साळुंकी रडकुंडीला आली.

आता मात्र सिंहाला वाटलं, कुणी इकडे न बघो.

झाडलोट करणाऱ्या गिरजाबाईंनी बाकीचे तिन्ही सिंह लखलखीत पुसले.

"मागचा राहिला की!" त्या म्हणाल्या.

"राहू द्या. तिकडं कोण बघतंय?" मुकादम म्हणाला, आणि दोघं निघून गेली.

साळुंकीच्या जिवात जीव आला. सिंहानेही सुस्कारा सोडला.

"जा, चारा घेऊन ये," तो म्हणाला. "तोवर पिल्लांकडे मी बघतो."