म्हाळू तांबटाचं शिंग

कुडवे गावाला रस्ता नव्हता, नदीवर नुसता साकव होता, तेव्हाची ही गोष्ट. गावात म्हाळू नावाचा तांबट राहायचा. भांड्यावर टिचकी मारली की त्याला भांड्याचं दुखणं कळायचं, असं म्हणतात.

एका वर्षी वाघजाईच्या जत्रेसाठी म्हाळूने नवं पितळी शिंग घडवलं. शिंग वाजल्याशिवाय देवीची पालखी उठत नसे, आणि फुंकायचा मान बाबाजी घडशाचा. जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी बाबाजीने शिंग तोंडाला लावलं, तर आतून रेडकू खोकल्यासारखा आवाज आला.

"बाबाजी, न्याहारी नाही केलीस का रे?" पारावरचे हसले.

पाटील मात्र हसले नाहीत. "उद्यापर्यंत वाजलं तर ठीक. नाहीतर नदीपलीकडच्यांचं शिंग आणू. फुंकणाराही त्यांचाच."

बाबाजी धापा टाकत म्हाळूकडे गेला. "दादा, पणजोबापासूनचा मान जातोय माझा."

म्हाळूने शिंगावर टिचकी मारली, कान लावला आणि मान खाली घातली. "तुझी फुंक चांगली आहे. चूक माझी. याचे तीन तुकडे नीट जुळत नव्हते. मी घाईत सुंभाने आवळले आणि तसाच डाख ओतून सांधले. आखडून बसलंय बिचारं."

त्याने डाख वितळवून सांधे सोडवले, तसे तुकडे टणकन उडून एकमेकांपासून दोन बोटं लांब झाले. गोष्ट माहीत असूनही सांगताना मी इथे दर वेळी दचकते. मग ताण उतरावा म्हणून त्याने ते भाताच्या तुसाच्या विस्तवावर शेकले आणि राखेत निवत ठेवले.

"दाबून बसव ना दादा, उशीर होतोय."

"तुला कुणी असं दाबून बसवलं तर गाशील?"

दिवसभर म्हाळू कडा जराजराशा वळवत राहिला. तुकडे न ओढता एकमेकांना भिडले, तेव्हाच त्याने डाख दिला.

दुसऱ्या दिवशी बाबाजीने शिंग फुंकलं. डोंगरावरचे पिकले फणस गळून पडले, पलीकडच्या गावच्या म्हशी वळून बघू लागल्या, आणि भोयांनी खांदा द्यायच्या आधीच पालखी वीतभर वर उठली, असं म्हणतात. "आम्हाला हात तरी लावू दे," पाटील देवीला म्हणाले.

आजही जत्रेच्या आदल्या दिवशी शिंग पेंढ्यावर निजवतात. तो म्हाळूचा दिवस. त्या दिवशी कुडव्यात कुणी कशावर जोर करत नाही. फुगलेलं दार ओढत नाहीत, मागच्या दाराने आत जातात. रुसलेल्याला जेवायला खेचत नाहीत. ताट झाकून ठेवतात, आणि तो आपणहून येऊन बसतो.